खुरातला फटका

आमच्या गोल्फ क्लबाचा इतिहास छापून आला आहे. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर, मधे मधे जुने फोटो. माझी सून बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत शिकवते, तिला तो तिथं कुणीतरी दिला. दोन दिवस संध्याकाळी चहा झाला की ती तो मराठी करून वाचून दाखवायची आणि मी शेंगा फोडत ऐकायचो. पुस्तकात माझं नाव नाही. ते असेल अशी अपेक्षाही नव्हती. एका फोटोत मात्र मी आहे. खुर्च्यांवर साहेब, त्यांच्या पायाशी दोन कुत्री आणि कुत्र्यांच्या पलीकडं उकिडवा बसलेला मी. फोटोखाली कुत्र्यांची नावं दिली आहेत.

त्याचं मला काही वाटलं नाही, पण पुढच्या पानावरच्या एका वाक्याला मला हसू फुटलं. सुनेला ते मी तीनदा वाचायला लावलं. स्वातंत्र्यापूर्वी एकाही हिंदी सभासदाला वार्षिक करंडक जिंकण्याइतकं कौशल्य साधलं नाही, उलट युरोपीय खेळाडूंनी इथल्या खडबडीत जमिनीवरसुद्धा थक्क करणारी कामगिरी केली, असं ते वाक्य आहे. थक्क मीही झालो. कारण त्या कामगिरीत बरीचशी बोटं माझी होती. माझी, काकतीच्या भैरूची आणि आणखी आठ-दहा जणांची. आणि ती हातांची नव्हेत, पायांची.

तेव्हा या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीविषयी काही लिहा' म्हटल्यावर मी आढेवेढे घेतले नाहीत. इंग्रजी इतिहास झाला आहे, हा अनवाणी इतिहास समजावा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठं माळरान असतं. त्यात लांब लांब नऊ भोकं खणलेली असतात. काठीनं चेंडू मारत मारत पहिल्या भोकात घालायचा, तिथून दुसऱ्याकडं, असं शेवटापर्यंत जायचं. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. चेंडू जिथं पडेल तिथूनच मारायचा, त्याला कुणी हलवायचं नाही, हा या खेळाचा धर्म. खेळणारा काठ्यांची पिशवी स्वतः उचलत नाही. ती उचलणारा, आणि चेंडू कुठं पडला ते बघून ठेवणारा, तो कॅडी. आम्ही सगळे मिशावाले, लेकरंबाळं असलेले शेतकरी. सकाळी रान करायचं आणि दुपारी क्लबात यायचं. साहेब आम्हाला 'बॉय' म्हणत. मी मराठी सातवी शिकलेला, त्यामुळं कॅडींचा मुकादम, म्हणजे थोरला बॉय.

विलायतेत भोकाभोवती मऊ हिरवळ असते म्हणे. आमच्याकडं पावसाळ्यात गवत कमरेला लागायचं म्हणून चार महिने क्लब बंद, आणि नंतर उन्हानं सगळं तांबडं लाल. म्हणून भोकाभोवती वाळू पसरायची, तिला तेल पाजायचं, वरून रूळ फिरवायचा. बाकी मैदानात खडे, वारुळं आणि गवळ्यांच्या म्हशी. म्हशी क्लबाच्या आधीपासून तिथं चरत होत्या. त्यांना कुणी सभासद करून घेतलं नाही, पण काढूनही टाकता आलं नाही. ओल्या मातीत त्यांचे खूर रुतायचे, ते खड्डे पुढं वाळून घट्ट व्हायचे. आता गोल्फचा चेंडू आणि म्हशीच्या खुराचा खड्डा यांचं माप देवानं असं काही जुळवलं आहे की चेंडू त्यात बसला की बसला. साहेब दहा-दहा फटके मारी. माती उडायची, शिव्या उडायच्या, चेंडू जागेवर.

इथं आमचं बेळगुंदीचं शिक्षण उपयोगी पडायचं. आमच्या गावाला रताळी पिकतात. काढणी झाली तरी थोडी मातीत राहतातच. ती वाकून हुडकत बसलं तर कंबर राहत नाही. म्हणून आम्ही मोकळ्या मातीतून चालत पायानं चाचपतो, सापडलं की अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून वर काढतो. चालणं थांबत नाही, पाठ वाकत नाही. ज्याला रताळं निघतं त्याला चेंडू जड नाही. खड्ड्याजवळून जाताना एक पाऊल जरासं रेंगाळायचं, की चेंडू वीतभर पुढं, चांगल्या गवतावर. वरचं सगळं अंग साहेबाच्या पिशवीसारखं सरळ. आमच्यात याला रताळं काढणंच म्हणत. नवा माणूस कामाला आला की मी पहिलं विचारायचो, "रताळं काढाय येतंय काय रं?" येत नसलं तर त्याला रूळ ओढायला लावायचो.

हे पाप आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. साहेब जिंकला तर साहेब चांगला खेळला आणि हरला तर कॅडी गाढव, अशी तिथली रीत होती. मग गाढवानं आपली सोय बघितली तर त्याचं काय चुकलं? शिवाय साहेब खूश असला की सगळ्या कॅम्पाची संध्याकाळ बरी जायची. आम्ही त्याला खेळ समजत नव्हतो, देखभाल समजत होतो.

साहेबांना हे कळत नव्हतं काय, असं सून विचारते. आमच्याकडं एक पाद्री खेळायला येत. चेंडू वाईट जागी पडला की ते थांबत, पाठ फिरवत आणि येळ्ळूरच्या गडाकडं बघत उभे राहत. एक कॅडी सावकाश जाऊन परत येईल एवढा वेळ ते गड बघत. मग वळून चेंडूकडं आले की म्हणत, "देव दयाळू आहे." मी मान हलवायचो. देवाच्या पायांना माती लागलेली असायची.

दुसरे आमचे कर्नलसाहेब. हे क्लबाचे अध्यक्ष. लागोपाठ किती वर्षं करंडक त्यांच्याकडं होता ते फळ्यावर वाचायला मिळतं. क्लबाच्या दिवाणखान्यात सागवानी फळा आहे, त्यावर दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवतात. कर्नलसाहेबांना फटका मारला की आधी पाईप पेटवायची सवय होती, आणि वाऱ्यात पाईप लवकर पेटत नाही. त्यांचा कॅडी भैरू. साहेबांनी पाईपातून मान वर काढेपर्यंत भैरूचं काम झालेलं असे. भैरू मला म्हणायचा, "त्या फळ्यावरची निम्मी अक्षरं माझ्या आंगठ्यानं काढल्यात बग."

अशा या क्लबात रामराव वकील सभासद झाले. पहिले हिंदी सभासद. बेळगावातलं जुनं घराणं, कोर्टात नाव मोठं. क्लबाची हद्दीची एक केस त्यांनी जिंकून दिली होती, त्यामुळं त्यांचा अर्ज नाकारायची पंचाईत झाली. कमिटी तीनदा बसली. अडचण अशी निघाली की दारातल्या खुंट्या टोप्या अडकवायच्या होत्या. रामराव डोक्याला रुमाल बांधत, आणि बांधलेला रुमाल अडकवता येत नाही, ठेवावा लागतो. त्यासाठी वेगळी फळी ठोकावी की नाही यावर वाद झाला. शेवटी फळी ठोकली, पण खुंट्यांपेक्षा वीतभर खाली.

रामरावांनी खेळ शिकायला माझी निवड केली. पहिल्याच दिवशी ते मला दिवाणखान्याच्या दारात घेऊन गेले. आत जायची मला परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्यातूनच त्यांनी फळा दाखवला. म्हणाले, "परशा, ही इमारत आपल्या गवंड्यांनी बांधली. मैदान तुझ्या-माझ्या लोकांनी सपाट केलं. आणि भिंतीवर आपलं एक नाव नाही. करंडक बिरंडक मला नको. त्या फळ्यावर नाव लागलं पाहिजे."

त्या दिवसापासून ते नाव लागणं हेच माझं काम झालं. भैरू चेष्टा करायचा, की वकील तुझा कोण लागतो? कुणी लागत नव्हते. पण मला त्या फळ्यावर एक तरी नाव असं हवं होतं की जे मला न अडखळता वाचता येईल.

वकील माणूस, त्यांनी नियमांचं पुस्तक मागवून पाठ केलं. सबंध क्लबात ते पुस्तक वाचलेले ते एकटे. हात सरळ, डोकं शांत, शिकले झपाट्यानं. एक गोष्ट मात्र त्यांना शिकायलाच मिळाली नाही. तीन वर्षांत त्यांचा चेंडू एकदाही खुरात सापडला नाही. त्यांची नजर अधू होती, लांबचं धूसर दिसायचं, आणि मी नेहमी दहा पावलं पुढं असायचो. ते म्हणायचे, "परशा, आपलं नशीब बरं आहे." मी म्हणायचो, "व्हय साहेब, लई बरं हाय." क्लबातले एक मेजर हरले, पाद्री हरले, आणि चौथ्या वर्षी करंडकाच्या शेवटच्या सामन्याला एका बाजूला कर्नलसाहेब आणि दुसऱ्या बाजूला आमचे रामराव उभे राहिले.

दसरा होऊन गेला होता. गावातून माणसं बघायला आली होती, कोर्टातले कारकून झाडाखाली उभे होते. आठव्या भोकापर्यंत दोघांचे फटके सारखे. नववं भोक नाल्याच्या पलीकडं. सगळं मैदान तांबडं, फक्त या नाल्याच्या काठाला काळी माती, आणि पाणी असल्यामुळं तिथले खूर ओलेच असायचे. कर्नलसाहेबांचा चेंडू त्या काठाला गेला. त्यांनी पाईप काढला. पाईप पेटला तेव्हा चेंडू गवतावर होता. पाच फटक्यांत त्यांनी तो भोकात घातला.

रामरावांचा दुसरा फटका लांब गेला आणि नेमका त्याच काठावर, खुरात बसला. मी पुढं होतोच. पाऊल रेंगाळलं, चेंडू वर आला. हजार वेळा केलेलं काम.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आदल्या आठवड्यात रामरावांनी पुण्याहून नवा चष्मा करून आणला होता. "शोभतोय साहेब," असं मीच त्यांना म्हणालो होतो. पण त्याची आठवण माझ्या अंगठ्याला राहिली नाही.

"परशा, चेंडू खुरात गेला होता," ते जवळ येऊन म्हणाले.

"न्हाय साहेब. कडंला थांबला बगा."

"मी बघितलं."

"ऊन डोळ्यावर येतंय साहेब तुमच्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, पायांकडं बघितलं.

"पाय पुढं कर."

मी केला.

"सगळ्या पायाला तांबडी माती आहे. अंगठ्याला तेवढा काळा चिखल. कुठनं आला?"

मी हळू आवाजात म्हणालो, "साहेब, फळ्यावर नाव लागतंय तुमचं. कोन बगाय आलंय?"

"मी बघितलं की," ते म्हणाले.

मग त्यांनी कर्नलसाहेबांना बोलावलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. कॅडीनं चेंडू हलवून चांगल्या जागी ठेवला, नियमाप्रमाणं खेळणाऱ्याला दोन फटके दंड, आणि चेंडू परत खुरात. कर्नलसाहेबांना फार वाईट वाटलं. वाईट वाटून त्यांनी लगेच मान्य केलं. भैरू तिथंच उभा होता आणि त्याच्याही अंगठ्याला काळा चिखल होता. रामरावांनी तोही बघितला. भैरूनं पाय हळूच गवतात ओढून घेतला. रामराव काही बोलले नाहीत. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझी केस मी चालवली. त्यांची त्यांनी चालवायची."

चेंडू मी माझ्या हातानं परत खुरात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते खुरातून मारणार होते. पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, चेंडूला मारू नका, त्याच्या मागच्या मातीला मारा. त्यांनी मागच्या मातीला मारलं. काळी माती उसळली, चेंडू नाला ओलांडून गेला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. असा फटका मी त्या मैदानावर पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. झाडाखालच्या कारकुनांना कळलं नाही, पण भैरूच्या तोंडून "आयला" निघालं. पुढच्या फटक्याला चेंडू भोकात.

कर्नलसाहेबांचे पाच. रामरावांचे चार, आणि माझ्या अंगठ्याचे दोन. एका फटक्यानं हरले. मी मदतच केली नसती तर एका फटक्यानं जिंकले असते. मी पुष्कळ गाढवपणा केला आहे, पण हे बरोबरीत येईल असं दुसरं काही मला आठवत नाही.

परत येताना त्यांनी विचारलं, "आजवर किती वेळा?"

"आजच साहेब. पैल्यांदाच."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या कारकुनानं मला एकदा सांगितलं होतं, की साक्षीदार उघड खोटं बोलायला लागला आणि आणखी विचारण्यात अर्थ उरला नाही, की वकीलसाहेब 'बरं' म्हणतात आणि खाली बसतात.

त्यांनी मला काढून टाकलं नाही, तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ते आले आणि काठ्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून चालायला लागले. मी हात पुढं केला तर म्हणाले, "असू दे." तेव्हापासून कायम तसंच. तक्रारवहीत कुणीतरी लिहिलं, की सभासदानं स्वतःचं ओझं स्वतः वाहिल्यानं सर्वांचाच दर्जा खाली येतो. कमिटीनं खुलासा मागवला. रामरावांनी उत्तर दिलं, की याविरुद्ध नियम असल्यास दाखवावा. पुस्तक कुणी वाचलेलं नसल्यामुळं प्रकरण तिथंच राहिलं. खेळ मात्र त्यांचा साफ बिघडला. प्रत्येक खुरातून ते मारत, आठ-आठ, नऊ-नऊ फटके. तो हातभराचा फटका परत कधी बसला नाही. करंडकाच्या यादीत त्यांचं नाव शेवटून पहिलं लागायला लागलं. त्यांनी एक थप्पड मारली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी रताळं काढणं सोडलं. बाकीच्यांचं चालूच होतं, मुकादम म्हणून मी त्यांना बंदी करू शकलो असतो, केली नाही. पण स्वतः सोडलं, शेतातसुद्धा. वाकून हातानं काढायला लागलो. घरची म्हणाली, "कंबर दुकतीया म्हंतासा, मग पायानं का काढत न्हायसा?"

मग सत्तेचाळीसचा उन्हाळा आला. साहेबांची बांधाबांध चालू होती. कर्नलसाहेबांनी जाताना भैरूला आपला जुना पाईप दिला, त्याचं काय करायचं ते भैरूला शेवटपर्यंत कळलं नाही. मैदान ओस पडलं होतं. एका सकाळी रामराव एकटेच आले, पिशवी खांद्यावर. वय झालं होतं, पट्टा खांद्यात रुतत होता. मी न विचारता मागून चालत राहिलो. नवव्या भोकाला त्यांचा चेंडू नाल्याच्या काठावर खुरात गेला. उन्हाळा असल्यामुळं तो खड्डा दगडासारखा वाळला होता. तो बघितला आणि मला राहवेना.

"साहेब, एक सांगायचं हाय."

"सांग."

"त्या दिवशी मी खोटं बोल्लो. त्ये एकदाच न्हवतं."

"ते ठाऊक आहे. किती वेळा?"

"पैल्या दिवसापास्नं. पत्त्येक खेळाला."



"मेजरला हरवलं तो खेळ?"

"तीन येळा साहेब."

"पाद्र्यांबरोबरचा?"

"त्यात दोगांची बी काढल्ती."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. इतकी वर्षं ते जे सामने जिंकलो म्हणून मनात धरून होते ते मी एकेक करून काढून घेत होतो, आणि थांबावं तर आता थांबणंही खोटंच झालं असतं.

"म्हणजे खुरातनं मारलेला तो एक फटका तेवढा माझा," ते म्हणाले.

"व्हय साहेब. त्यो तुमचाच. त्यात कुनाचं काय न्हाय."

"एक तरी आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग खांद्यावरची पिशवी काढली आणि मला काही कळायच्या आत माझ्या खांद्याला अडकवली.

"चल परशा," ते म्हणाले. "चेंडू खुरात आहे. हात लावू नकोस. पायही लावू नकोस."